आठ बोल्टांची गोष्ट

आमच्या घरात गेल्या हिवाळ्यात चक्क आठ बोल्टांवरून वाद झाला, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही! इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला येऊन मला तीस वर्षं झाली. हौस म्हणून मी एक जुनी ‘एमजीबी’ घेतली. दोन माणसांची ही चिमुकली स्पोर्ट्‌स कार १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे. माझी १९७२ची. इंजिन ठकठक करू लागलं, तेव्हा ते उतरवून सुटं केलं.

बेअरिंग, पिस्टन रिंगा नव्या घ्यायच्या हे ठरलेलंच होतं. अडलं ते कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांपाशी. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा हा दांडा. त्याचं खालचं तोंड क्रँकभोवती दोन बोल्टांनी आवळलेलं असतं. चार सिलिंडर, म्हणून बोल्ट आठ. धुऊन ठेवले तर अगदी चकचकीत. ‘‘चांगले तर आहेत, टाकता कशाला?’’ सौभाग्यवतींचा सवाल. कोल्हापूरला उद्यमनगरात माझ्या वडिलांचं लेथचं दुकान होतं. आटे शाबूत असलेला बोल्ट फेकणं त्यांच्या लेखी पापच!

रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००, आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबून उलटा फिरतो. एक्झॉस्टच्या शेवटी, वरून दाबणारा वायू नसताना, त्याला खाली खेचतात ते हेच दोन बोल्ट. अर्धा किलोचा पिस्टन त्या क्षणी एक टनाहून अधिक ओढ देतो! असे हिसके खाऊन पोलाद थकतं, पण थकवा डोळ्यांना दिसत नाही. बोल्ट तुटला तर रॉड इंजिनाला भोक पाडून बाहेर येऊ शकतो. आणि ही गाडी उद्या माझी लेक चालवणार होती. जुने बोल्ट बाद झाले.

नवे कोणते घ्यायचे? मूळ नमुन्याचे साधे, की शर्यतवाले वापरतात ते कॅलिफोर्नियाच्या ‘एआरपी’चे, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे? मी महागडे घेऊन इंजिनाचं काम करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांनी कौतुक करण्याऐवजी माझीच शिकवणी घेतली. बोल्ट म्हणजे स्प्रिंग. आवळताना तो ताणला जातो. हा ताण पिस्टनच्या ओढीपेक्षा जास्त असेल, तर बोल्टला हिसके फारसे जाणवत नाहीत. सैल राहिला, तर महागडाही तुटतो. टॉर्कच्या पान्यावरचा आकडाही फसवा, कारण बराचसा जोर घर्षणातच जातो. म्हणून कंपनीने सांगितलेलंच वंगण लावायचं आणि बोल्ट किती लांबला ते मोजायचं. शिवाय नव्या बोल्टांच्या ताणाने रॉडचं भोक किंचित बिघडतं, ते पुन्हा गोल करून घ्यावं लागतं.

त्याचा खर्च ऐकून मला आठवलं, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! पण इथे मसाला वगळून नुसती कोंबडी घेणं हीच खरी उधळपट्टी ठरली असती.

रॉड तयार होऊन आले. मी आवळत गेलो, लेक मायक्रोमीटरने लांबी मोजून वहीत लिहीत गेली. एका बोल्टचा आकडा कमी भरला. ‘‘बाबा, हा पुन्हा,’’ ती म्हणाली. मी मुकाट्याने तो सोडला, वंगण लावलं आणि पुन्हा आवळला.

वसंतात गाडी रस्त्यावर आली. ती वही आजही गाडीच्या कप्प्यात आहे.