डाग मोजा, मग कार्ट्रिज मागवा

लेझर प्रिंटरच्या पानावर काळे ठिपके दिसू लागले, की बहुतेक कचेऱ्यांत लगेच नवे कार्ट्रिज मागवले जाते. अनेकदा तो खर्च वाया जातो. त्याआधी फूटपट्टी घ्यावी आणि खालोखाल उमटलेल्या दोन ठिपक्यांमधले अंतर मोजावे. ज्या रोलरवर ओरखडा किंवा कचरा असतो, त्याच्या प्रत्येक फेऱ्याला तोच डाग पुन्हा पडतो. म्हणजे हे अंतर हाच त्या रोलरचा परीघ. २४ मि.मी. व्यासाच्या ड्रमचा परीघ साधारण ७५ मि.मी. भरतो, त्यामुळे ए-फोरच्या २९७ मि.मी. उंचीत त्याचा डाग तीन-चारदा दिसतो. अंतर बरेच वेगळे निघाले तर दोष दुसऱ्या रोलरचा. आपल्या मॉडेलचे परीघ मेकॅनिककडून एकदाच लिहून घ्यावेत आणि कागद प्रिंटरवर चिकटवून ठेवावा. सलग उभी काळी रेघ मात्र बहुधा ड्रमवरच्या गोल ओरखड्याची किंवा झिजलेल्या वायपर ब्लेडची असते. तिथे कार्ट्रिज बदलणेच योग्य.

अक्षरे बोटाने पुसली जात असतील तर संशय फ्यूजरवर घ्यावा. टोनर ही शाई नव्हे, प्लॅस्टिकची बारीक भुकटी आहे. विद्युतभार तिला कागदावर आणतो आणि फ्यूजरची उष्णता तिला वितळवून पक्की बसवते. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरियात या तंत्राचा पहिला ठसा काढला, तेव्हाही भुकटी मेणकागदावर उष्णतेनेच बसवली होती. प्रमाणपत्राचा जाड कागद घालून सेटिंग ‘प्लेन’वरच राहिले, तर त्याला पुरेशी उष्णता मिळत नाही. म्हणून फ्यूजर बदलण्याआधी कागदाचा प्रकार ‘हेवी’ करून एक पान काढून पाहावे. त्याला एक पैसाही लागत नाही.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात मात्र बहुतेक तक्रारींचे मूळ कागदातच शोधावे. कोकणात, मुंबईत उघडी ठेवलेली रीम हवेतला ओलावा शोषून घेते. ओलसर कागदावर विद्युतभार टिकत नाही, म्हणून छपाईत फिकट चट्टे पडतात. फ्यूजरमध्ये त्या ओलाव्याची वाफ होते आणि पान वळते, चुरगळते, अडकते. रीम वेष्टनातच ठेवावी, फरशीवर किंवा ओल आलेल्या भिंतीला लावून नको, आणि ट्रेमध्ये लागेल तेवढाच कागद घालावा.

कोरडा कागदही उचलला जात नसेल, तर पिकअप रोलर गुळगुळीत झालेला असतो. प्रिंटर बंद करून, धागे न सुटणाऱ्या किंचित ओल्या फडक्याने तो पुसावा. तरीही घसरला तर बदलावा. अडकलेले पान दोन्ही हातांनी, शक्यतो कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने हळू ओढावे. फाटलेला कपटा सेन्सरजवळ राहिला, तर मशीन रिकामे असूनही ‘पेपर जाम’ दाखवत राहते. या गडबडीत टोनर कपड्यांवर सांडला तर आधी झटकावा, मग थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने तो धाग्यांत पक्का बसतो.