लेखांक 7 : नंबर नको, माप घ्या

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या बाईंचं पत्र आलंय आणि शाळा उघडायच्या आत त्यांना उत्तर मिळायला हवं. मुंबईचं एक मंडळ त्यांच्या पहिली ते पाचवीच्या मुलांना चपला देणार आहे. मंडळाचा निरोप आला, ‘फक्त नंबर कळवा.’ बाई विचारतात, ज्या मुलानं दुकानातून कधी चप्पल घेतलीच नाही, त्याचा नंबर मी कुठून आणू?

वही, दप्तर, कंपास यांना माप नसतं. कपडा थोडा ढगळ झाला तरी टाचून घेता येतो. पादत्राणाचं तसं नाही. शिवाय आपल्याकडचा नंबर मूळचा इंग्लंडचा. बार्लीच्या दाण्याची लांबी, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, हा एक नंबर. लहान मुलांचे नंबर 13 पर्यंत जातात आणि तिथून पुन्हा 1 पासून मोठ्यांचे सुरू होतात. यादीत नुसतं ‘नंबर 2’ लिहिलं, तर ते पाळण्यातल्या बाळाचं असू शकतं आणि चौथी-पाचवीतल्या मुलीचंही! अशा याद्यांवरून आलेली खोकी शाळेच्या कपाटात वर्षानुवर्षं पडलेली मी पाहिली आहेत.

रुंदीचा घोळ वेगळाच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाऊल रुंद असतं हे आकड्यांत दिसलं. त्यातून ‘भा’ नावाची आपली मापपद्धत सुचवली गेली. जी मुलं अनवाणी वाढतात त्यांची बोटं तर छान पसरलेली असतात. निमुळत्या टोकाचा बूट त्यांना पहिल्याच दिवशी चावतो.

तेव्हा बाई, नंबर कळवू नका. सेंटिमीटर कळवा. जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरा, मुलाला त्यावर उभं करा. बसवून माप घेऊ नका, अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं. पेन्सिल उभी धरून कडेनं फिरवा. गुदगुल्या होतात, पोरं बोटं आखडून घेतात, तेवढं सांभाळा. टाचेपासून सगळ्यांत लांब बोटापर्यंत मोजा. ते बोट अंगठाच असेल असं नाही. दोन्ही पाय मोजा आणि मोठा आकडा धरा. माप दुपारनंतर घ्या, सकाळच्यापेक्षा पाऊल किंचित भरलेलं असतं. मग त्यात एक सेंटिमीटर मिळवा. या वयात पाऊल वर्षाला साधारण तेवढं वाढतं. फेब्रुवारीत माप घेऊन ऑगस्टमध्ये वाटप करणाऱ्या संस्था हे हमखास विसरतात.

आणि एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. चप्पल घालून पाहिल्यावर मुलाला विचारू नका, ‘बसते का?’ ते ‘बसते’च म्हणणार. नाही म्हटलं तर परत घेतील, ही भीती असते. आपण वाकून अंगठ्यानं पुढची जागा दाबून बघायची.

एवढा खटाटोप कशाला, असं मंडळातला एखादा उत्साही कार्यकर्ता विचारील. त्याला अंकुशकृमी सांगा. उघड्यावरच्या विष्ठेतून याच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात, अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि शेवटी आतड्याला चिकटून रक्त पितात. मूल फिकट पडतं, वर्गात पेंगतं. जंतनाशक गोळीनं कृमी जातात, पण पाय उघडेच राहिले तर पुन्हा येतात. न बसणारी चप्पल घरी खुंटीला लटकते, म्हणजे पाय उघडेच.

वाढत्या पायाला उत्तर शोधणारे लोक आहेत. केंटन ली हा अमेरिकन तरुण 2007 मध्ये नैरोबीत होता. तिथं एका मुलीचा बूट इतका आखूड झाला होता, की बोटं बाहेर यावीत म्हणून त्याचं पुढचं टोक कापलेलं होतं. त्यातून पुढं पाच नंबरांपर्यंत मोठी करता येणारी सँडल तयार झाली. आपल्याकडे मुंबईत श्रीयांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी ‘ग्रीनसोल’ सुरू केलं. धावणाऱ्यांचे बूट वरून फाटतात, पण तळ शाबूत असतो. तो वापरून ते शाळकरी मुलांसाठी चपला बनवतात. मला ही कल्पना फार आवडते, कारण तळ कापायचाच असतो, तर मापानं कापता येतो.

सरकारही यात आहे. राज्यात 2023 पासून गणवेशाबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोडी मोजे आले, त्यासाठी विद्यार्थ्यामागे 170 रुपये. या पैशांत काय दर्जा मिळणार ते वेगळं सांगायला नको. त्यात आपली शाळा उघडते ऐन पावसाच्या तोंडावर. सातपुड्यात किंवा कोकणात जुलैमध्ये काळे बूट आणि मोजे घालून चिखलातून येऊन दाखवा! पट्ट्याची, मागून बंद, ओली झाली तरी तासाभरात वाळणारी रबरी सँडल हेच तिथलं खरं पादत्राण. पट्टा सैल-घट्ट करता आला तर एक वर्ष जास्त टिकते.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर मंडळानं मुंबईहून खोकी पाठवूच नयेत. तालुक्याच्या बाजारात एखादा चप्पलवाला गाठावा, भाव ठरवावा, प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी द्यावी आणि आईबापाबरोबर जाऊन मुलानं आपल्या पसंतीची जोडी घ्यावी. पैसे मंडळानं परस्पर चुकते करावेत. माप बरोबर येतं, नाही आलं तर आठवड्यात बदलून मिळतं, रंग पोराच्या आवडीचा, आणि धंदा गावाकडच्या माणसाला. रांगेत उभं करून फोटो तेवढा मिळत नाही. मंडळाची अडचण बहुधा तिथंच येईल.

खोकीच येणार असतील, तर बाई, मोठ्या मापाच्या काही जोड्या जास्तीच्या मागून घ्या आणि वाटपाची तारीख लेखी घ्या. इतर शिक्षकांनी असं चिठ्ठीचं वाटप कुठं केलं असेल, तर दुकानदाराशी काय ठरवलं ते मला जरूर कळवा.