बिल किती दिवसांत चुकतं? डिजिटल पैसा आणि कंपनीची शाश्वतता

शाश्वत कंपनी म्हटलं की सौर पॅनल आणि वृक्षारोपण आठवतं. धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या खवाभट्टीवाल्याचं किंवा ऊस वाहतूकदाराचं बिल किती दिवस अडकलं, हे कुणी विचारत नाही. डिजिटल अर्थसेवांचा आणि शाश्वततेचा खरा संबंध या बिलापाशीच आहे.

गैरसमज १ : शाश्वतता म्हणजे पर्यावरण आणि सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक खर्च).
वस्तुस्थिती : बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता मांडणारा अहवाल सक्तीचा केला. २०२३ मध्ये त्याचा ‘कोअर’ भाग ठरला. त्यात कार्बन आणि पाण्याबरोबरच देणी किती दिवसांत चुकवली, छोट्या उत्पादकांकडून किती माल घेतला आणि छोट्या गावांत किती वेतन दिलं, हेही सांगावं लागतं.

गैरसमज २ : जनधन खातं उघडलं, आता सगळे सामावले.
वस्तुस्थिती : ऑगस्ट २०१४ पासून जनधनने खाती दिली, पण धंद्याला खेळतं भांडवल लागतं. बँक तारण आणि ताळेबंद मागते, छोट्या धंदेवाल्याकडे बहुधा दोन्ही नसतं. यूपीआयचे व्यवहार आणि खात्यांची माहिती कर्ज देणाऱ्यापर्यंत पोचवणारी २०२१ पासूनची अकाउंट ॲग्रीगेटर व्यवस्था यांमुळे, खातेदाराने संमती दिली तर, त्याची उलाढालच कर्जासाठी आधार ठरू शकते. साध्या फोनवरही २०२२ पासून यूपीआय चालतं. असं कर्ज मिळून सावकाराचं व्याज टळलं की दूधवाल्यावर दुभतं जनावर विकायची पाळी येत नाही आणि डेअरीचाही पुरवठा तुटत नाही.

गैरसमज ३ : बिल लवकर द्यायचं तर कंपनीनेच रोकड मोकळी करायला हवी.
वस्तुस्थिती : रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांवर उभ्या ‘ट्रेड्स’ मंचांवर कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात. कसर कापून पैसा पुरवठादाराला लगेच मिळतो. मुदत संपल्यावर कंपनी बँकेला देते. कंपनीने थकवलं तरी वसुली पुरवठादाराकडून होत नाही. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत इथे नोंदणी बंधनकारक केली गेली. पुरवठादाराची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) मात्र हवीच. ती असली की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचं संरक्षणही मिळतं : सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नाहीतर चक्रवाढ व्याज.

गैरसमज ४ : तंत्रज्ञान आलं की ऊसबिलही वेळेवर येईल.
वस्तुस्थिती : ऊस पिकवणारा शेतकरी लघुउद्योगात मोडत नाही. त्याच्यासाठी १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे : १४ दिवसांत एफआरपी (रास्त व किफायतशीर दर), उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. शिवाय सहकारी कारखाने शेअर बाजारात नसतात, म्हणून त्यांना सेबीचा अहवाल लागू नाही. पैसा थेट खात्यात आला तर तारीख मात्र पक्की नोंदली जाते आणि व्याज मागायला पुरावा हाती राहतो.

म्हणून पुरवठादाराने उद्यम नोंदणी, लेखी करार आणि तारखेची पोच यांत कसूर करू नये. कारखान्यांनीही, कायदा सांगत नसला तरी, ऊसबिल किती दिवसांत दिलं हे दर हंगामाला जाहीर करावं. गावाची देणी थकवून कोणताही उद्योग शाश्वत होत नाही.