विद्यापीठात आपलं काय काम?

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "विद्यापीठ शिकलेल्यांचं. आपलं तिथं काय काम?" पण कृषी विद्यापीठ आपल्यासाठीही आहे.

राज्यात अशी चार विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी, दापोली. त्यांची कामं तीन. शिक्षण: शेतीची पदवी आपल्या मुलीही घेऊ शकतात. संशोधन: ज्वारीचं 'परभणी मोती' हे वाण परभणीचं, 'फुले वसुधा' राहुरीचं. आणि विस्तार, म्हणजे हे ज्ञान गावापर्यंत आणणं: बियाणं, माती तपासणी, प्रशिक्षण.

सुरुवात मातीपासून करू. पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, शेतात 8-10 ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा, एकत्र करून सावलीत वाळवा. त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. नाव, गाव, शेताचा गट नंबर लिहा. बांधाजवळची, उकिरड्याजवळची माती नको.

अहवालातून कोणतं खत किती टाकायचं ते कळतं. उधारीवर जादा गोणी आणायची वेळ येत नाही. सातबारा कुणाच्याही नावावर असो, राबतो आपण. मग विचारायचंही आपणच. पुढच्या बैठकीला पिशवी घेऊन या, सगळ्यांच्या मिळून तपासणीला देऊ.