निरोगी बाळाचे पहिले दिवस

जन्मल्याबरोबर

श्वास, हृदयाचे ठोके, स्नायूंचा जोर, प्रतिसाद आणि रंग अशा पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देऊन बाळाला पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला तपासतात. ही पद्धत अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांची, १९५३ साली प्रसिद्ध झालेली. सात किंवा जास्त गुण असले की बाळ ठीक. हातपाय थोडा वेळ निळसर राहतात, त्यामुळे पहिल्याच मिनिटाला दहापैकी दहा क्वचितच मिळतात. या गुणांचा बुद्धीशी काही संबंध नाही.

बाळ छान रडत असेल तर नाळ कापायला एक ते तीन मिनिटं थांबतात. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे येतं आणि पुढे त्याला लोह कमी पडण्याची शक्यता घटते.

ऊब आणि चीक

बाळाला कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावं, वरून दुपटं, डोक्याला टोपडं. वजन नंतर करता येतं. तासाभरात अंगावर पाजावं. चीक चमचाभरच येतो, म्हणून ‘दूधच नाही’ म्हणत मधाचं बोट पुढे येतं. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच पुरतं. मध वर्षभर नको, त्यातून बॉट्युलिझमचे जंतू जाऊ शकतात. गुटीही नको. अंघोळ चोवीस तासांनंतर.

ऊब पाहायची तर हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. पोट गरम आणि पाय गार लागले तर बाळ गारठतंय. लगेच छातीशी घ्या.

टोचणी

व्हिटॅमिन के, बीसीजी, हिपॅटायटिस बी (चोवीस तासांत) आणि पोलिओचे थेंब. घरी जाण्याआधी कार्डावर नोंद पाहून घ्या.

हे चालतं

पहिल्या दिवसांत वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं. काळी-हिरवी चिकट शी, शिंका, पाठीवरचे निळसर डाग, मुलीच्या लंगोटात रक्ताचा ठिपका, हे सगळं नेहमीचं. बाळाची छाती सुजते तीही आईच्या संप्रेरकांमुळे. ती कृपा करून पिळू नका. पिळल्याने गळू होऊ शकतं. नाळेला हळद, तेल, राख काही लावू नये. काजळही नको.

हे चालत नाही

पहिल्या चोवीस तासांतली कावीळ, पिवळे तळहात-तळपाय, दूध ओढणं थांबणं, झटके, ताप, खोल आत ओढली जाणारी छाती. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. चोवीस तासांत शी झाली नाही तरी डॉक्टरांना सांगा. श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा, तरीही तेवढेच असतील तर निघा.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना ही तपासणी शिकवली आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळ झोपलंय म्हणून त्यांना परत पाठवू नका. श्वास मोजायला शांत बाळच लागतं.