सोलचं गुनजोंगजोन : पाहताना काय चुकवू नये

दक्षिण कोरियाला जाणाऱ्यांनी सोलमधल्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावाच. त्यातही सर्वात जास्त वेळ द्यावा तो 'गुनजोंगजोन' या सिंहासन-दालनाला.

जोसोन घराण्याने हा राजवाडा 1395 मध्ये बांधला. 1592 च्या जपानी आक्रमणाच्या वेळी तो जळाला आणि पुढे अडीचशेहून अधिक वर्षं ओसाड राहिला. राजा गोजोंगचे वडील हुंगसोन देवोनगुन यांच्या पुढाकाराने तो पुन्हा उभा राहिला. आजचं गुनजोंगजोन 1867 चं आहे.

📌 अंगणातले छोटे दगडी खांब : दरबारात कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कुठे उभं राहायचं, ते यांवर कोरलेलं आहे. पूर्वेला मुलकी अधिकारी, पश्चिमेला लष्करी.

📌 फरसबंदी : ग्रॅनाइटच्या लाद्या मुद्दाम खडबडीत ठेवल्या आहेत. त्यामुळे ऊन डोळ्यांवर परावर्तित होत नाही आणि पावसात पाय घसरत नाही. जमिनीत लोखंडी कड्याही दिसतील. त्यांना मांडवाचे दोर बांधत.

📌 आतली बाजू : बाहेरून इमारत दुमजली दिसते, पण आत सलग उंच दालन आहे. सिंहासनामागच्या पडद्यावर सूर्य, चंद्र आणि पाच शिखरं आहेत. आत सहसा सोडत नाहीत, म्हणून दारातूनच मान वर करून छताकडे बघा : सोनेरी ड्रॅगनची जोडी दिसेल, प्रत्येक पंजाला सात नखं!

📌 फोटो : अंगणाच्या आग्नेय कोपऱ्यातून काढा. छपरामागे डोंगरही येतात.

मंगळवारी राजवाडा सहसा बंद असतो. हानबोक हा पारंपरिक पोशाख घातला तर प्रवेश मोफत. तो आसपासच्या दुकानांत भाड्याने मिळतो.

#दक्षिणकोरिया #सोल #भटकंती