सैरंध्रीच्या रानाशेजारी मुक्काम



गटाची सहल म्हटली की आपण देवदर्शनच धरतो. आज मी एका रानाची वाट सांगते. केरळच्या पालक्काड जिल्ह्यात सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान आहे. बारमाही हिरवं, दाट पावसाचं रान. ते परकं नाही बरं का, आपल्याच सह्याद्रीच्या रांगेत आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला, त्यात आपली कोयना, चांदोली आणि हे रान एकत्रच आली.

तिथले लोक या रानाला सैरंध्रीवन म्हणतात. विराटाघरी दासी होऊन राहताना द्रौपदीने घेतलेलं नाव ते हेच. रानातून वाहते ती कुंती नदी. विजेसाठी या नदीवर धरण व्हायचं होतं, रान बुडणार होतं. लोकांनी विरोध केला. कवयित्री सुगतकुमारी त्यात पुढे होत्या. शेवटी धरण रद्द झालं आणि १९८४ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

मुक्काम करायचा तो उद्यानाच्या तोंडाशी, मुक्काली गावात. इथून जीपने साधारण २३ किलोमीटर आत सैरंध्रीपर्यंत नेतात. स्वतःची गाडी आत सोडत नाहीत. सोबत वाटाड्या असतो. गाड्या मोजक्याच सोडतात, म्हणून नोंदणी आधी करावी आणि आधारकार्ड जवळ ठेवावं.

मुक्कालीतली निवासं साधी असतात. म्हणून ठरवतानाच विचारा: भाडं खोलीचं की माणशी? संडास-न्हाणी स्वतंत्र की सामाईक? दाराला आतून कडी आहे ना? जेवणाची माणसं आदल्या दिवशी सांगा. डोंगरात ऐनवेळी पंधरा पानं वाढणं कुणालाही जड जातं, हे आपल्याला सांगायला नको. पावसात वीज जाते, तेव्हा बॅटरी हवीच.

जेवताना गुलाबीसर पाणी पुढे आलं तर गढूळ समजून ओतू नका. पतिमुखम नावाच्या झाडाचं लाकूड घालून उकळलेलं पाणी असतं ते, पोटाला बरं म्हणून देतात.

पावसाळ्यात जळवा लागतात. पायघोळ कपडे, लांब मोजे घाला. जळू चिकटली तर घाबरून ओढू नका. नखाने तिचं तोंड कडेने सोडवा आणि जागा साबणाने धुवा. तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून थोडा वेळ वाहतं. स्वच्छ फडक्याने दाबून धरलं की थांबतं.

रानात गाणी लावू नका, प्लास्टिक नेऊ नका. सिंहासारखी आयाळ असलेलं काळं माकड इथे राहतं. त्याला खाऊ टाकू नका. माणसाच्या हातचं खायची सवय लागली की ते रस्त्यावर येतं आणि गाडीखाली सापडतं.

केरळात १९९८ पासून कुटुंबश्रीचे महिला गट आहेत. त्यांच्या खानावळी गावोगाव दिसतात. वाटेत तिथे जेवा. पैसा आपल्यासारख्याच बाईच्या हातात पडेल, आणि हिशोब कसा ठेवता, हेही विचारता येईल.

आता खर्चाचं. पंधरा जणींनी महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकले तर वर्षात छत्तीस हजार जमतात. मात्र हा डबा कर्जाच्या पैशापासून वेगळा ठेवा, वहीही वेगळी. घरातून कुणी विचारलं, "रानात काय बघायचंय?" तर सांगा, बुडता बुडता वाचलेलं रान बघायचंय. बाईने चार दिवस स्वतःसाठी काढले म्हणजे काही उधळपट्टी होत नाही.

पुढच्या बैठकीत विषय काढाच. येते मी. नमस्कार.